पोटभाडेकरू

नोव्हेंबरची पहिली तारीख, सकाळी दहाची वेळ. अनामत वीस हजार, भाडं दरमहा पाच हजार, विजेचं बिल वेगळ्या मीटरप्रमाणे. हजर: मी, माझी बायको नलिनी, साक्षीदार म्हणून शेजारचे माझे चुलतभाऊ मधुदादा, आणि भाडेकरू डॉ. रंजना ठाकूर. जागा चौलची, आमच्या वाडीतल्या घराच्या मागच्या दोन खोल्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे या बाईंविषयी जे लिहिणार आहे ते फारसं गोड नाही. निदान सुरुवातीचा व्यवहार तरी स्वच्छ होता, हे वाचणाऱ्याला कळावं. नावं मात्र सगळ्यांची बदलली आहेत.

मला त्या आवडल्या नाहीत. करार अकरा महिन्यांचा होता, त्या सात महिने राहिल्या, आणि त्या सात महिन्यांत आमच्या घरातल्या कोणाला ना कोणाला त्या जाव्यात असं वाटलं नाही असा आठवडा गेला नाही. गावालाही आवडल्या नाहीत. आपण आवडावं असा प्रयत्न त्यांनी केला नाही, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

बुटक्या, काळ्यासावळ्या, चाळिशीच्या आतबाहेर. केस मानेपर्यंत कापलेले. हातात पुरुषी घड्याळ, तेही तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. त्यामुळे वेळ बघताना त्या आपल्याला तळहात दाखवून थांबवताहेत असं वाटायचं, आणि बऱ्याचदा ते खरंही असायचं. वडील पेणच्या बाजूला मिठागरावर कामाला होते, हे त्यांनी एकदा सांगितलं. बोलणं एरवी पुस्तकी, पण राग आला की मिठागर वर यायचं आणि ‘नाही’चं ‘न्हाय’ व्हायचं. मी ‘न्हाय’च जास्त ऐकलं.

त्या दिवशी करार मी मोठ्याने वाचून दाखवला. सहावं कलम नेहमीचंच होतं: भाडेकरूने सदर जागेत पोटभाडेकरू ठेवू नये. तिथे त्या नाकातून हसल्या.

“ही अट मला पाळता येणार नाही,” त्या म्हणाल्या.

“अजून कोण राहायला येणार हाय?” मधुदादांनी विचारलं.

“सगळ्या गावाचे. तुमचेपण येतील.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. माणसाच्या आतड्यात जिवाणू राहतात, ते भाडेकरू. त्या जिवाणूंच्या आत आणि अवतीभवती विषाणू राहतात, ते पोटभाडेकरू. घरमालकाला ना त्यांची नावं ठाऊक, ना त्यांची संख्या.

“भाडं तरी देतात का?” दादांनी विचारलं. दादांना असल्या गप्पा आवडायच्या.

“भाडेकरू देतात थोडंफार. अन्न पचवायला मदत करतात. पोटभाडेकरूंपैकी काही त्या भाडेकरूंना मारतात, काही त्यांच्यातच मुक्काम ठोकून गप्प पडून राहतात. कोण काय करतं ते अजून धड माहीत नाही. तेच शोधायला आले आहे.”

“म्हणजे मागच्या खोलीत ठेवणार काय?” नलिनीने विचारलं.

“शी,” बाई म्हणाल्या.

नलिनी उठून आत गेली. फोनवर बाई ‘नमुने’ म्हणाल्या होत्या, आणि मी मातीचे समजलो होतो. आजूबाजूला माती तपासणारे बरेच येतात. पण माझी सही झाली होती, दादांची साक्ष झाली होती, आणि केलेल्या सहीतून मी माघार घेत नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून शीतपेटी आली. कपाटाएवढी, घरातल्या फ्रिजच्या कितीतरी पट थंड, आणि दिवसरात्र गुरगुरणारी. नलिनीने मागच्या अंगणातली तुळस पुढे आणली, वाळत घातलेली सुपारीही पुढे आणली, आणि सात महिने मागच्या दाराला आतून कडी लावली. वीज गेली की मागून हाक यायची, “घरमालक, वीज गेली.” जणू मीच नेली. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. मी घरमालक, नलिनी ‘घरातल्या’, आणि आमचा कुत्रा ‘हे’.

मागच्या खोलीसाठी त्यांच्या वेगळ्या रबरी चपला होत्या. त्या उंबऱ्यापाशी काढायच्या, दुसऱ्या घालायच्या, आणि आपण चुकून उंबऱ्यावर पाय ठेवला तर तिथे ब्लीचचं पाणी मारायचं, आपल्यासमोरच. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी. विजेच्या बटणावर ‘बंद करू नये’, नळावर ‘हात येथे नाही’. नलिनीने आल्या आल्या माणुसकी म्हणून घावन आणि नारळाचं दूध पाठवलं. दूध तसंच परत आलं. घावन कुत्र्याला घातलं होतं, आणि भांडं घासून त्यावर चिठ्ठी लावली होती: ‘रिकामे’. इथे असेपर्यंत दुसऱ्याच्या हातचं खायचं नाही असा त्यांचा नियम होता. कामाच्या दृष्टीने नियम बरोबर असेल. सांगता आला असता. नलिनी ते अजून विसरलेली नाही, आणि मीही तिला विसर म्हणत नाही.

त्यांचं एक वाक्य गावभर झालं. कोणी पोटाची तक्रार सांगायला लागलं, किंवा उपवासाने आतडी कशी साफ होतात ते समजावू लागलं, की बाई तळहात वर करायच्या आणि म्हणायच्या, “मला तुमचं मत नको. नमुना द्या.” एका सत्यनारायणाला भटजींना त्या असंच म्हणाल्या. भटजींनी प्रसाद वाटताना त्यांना वगळलं. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

काम असं होतं. एका घरात एका चुलीवर जेवणाऱ्या सगळ्या माणसांनी आपापली डबी भरून द्यायची. झाकणाची प्लास्टिकची डबी, वर नंबर. बुडालेल्या वेळाचे म्हणून डबीमागे पाचशे रुपये. काही महिन्यांनी पुन्हा एकदा तसंच. एकत्र राहणाऱ्या माणसांचे पोटभाडेकरू कितपत सारखे असतात आणि ते किती टिकतात, हे त्यांना बघायचं होतं.

पहिल्याच सभेत सगळं फिसकटलं. मुंबईच्या त्यांच्या संस्थेतून छापून आलेल्या माहितीपत्रकात ‘आपल्या विष्ठेतील विषाणूंचा अभ्यास’ असं होतं. विषाणू म्हटल्यावर ओट्यावरची अर्धी माणसं उठली. साथीत ज्यांच्या दाराला बांबू बांधले होते ती माणसं होती ही. एकाने विचारलं, “पॉझिटिव्ह निघालो तर उचलून नेणार काय?” यावर शहाण्या माणसाने दोन शब्द धीराचे सांगितले असते. बाई म्हणाल्या, “सगळे पॉझिटिव्हच आहात. मीपण.” मग उरलेली अर्धी उठली.

सावरलं मधुदादांनी. दादांचं गावात वजन होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी लोकांना बोलावलं आणि म्हणाले, “बाई, तो पत्रकावरचा शब्द सोडा. तुमचा पोटभाडेकरू सांगा.” तो शब्द चालला. ज्याला करार ठाऊक त्याला पोटभाडेकरू ठाऊक, आणि पोटभाडेकरूला कोणी घाबरत नाही, फार तर कटकट म्हणतं. दादांनी आळीतली घरं स्वतः फिरून मिळवून दिली. पहिल्या डब्या त्यांच्याच घरच्या: दादा, सुलभावहिनी आणि दोन मोठे मुलगे. चार डब्या, दोन हजार रुपये, पावतीवर कुटुंबप्रमुख म्हणून दादांची सही. बाईंनी आभार मानले नाहीत. डब्या वजन करून आत नेल्या.

लोकांनी त्यांना ‘शीवाली बाई’ म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, “बरोबर आहे.”

जेवणाचे तक्ते भरून आले तो प्रसंग मी पाहिला. प्रत्येकाने आधीच्या तीन दिवसांत काय खाल्लं ते लिहायचं होतं. आळीने एकमुखाने वरण, भात, पालेभाजी आणि ताक लिहिलं. दिवस थंडीचे, वालाच्या शेंगा भरलेल्या, शेताशेतात मडकी उलटी घालून शेंगा-कोंबडी भाजणं, म्हणजे पोपटी लावणं, चाललेलं. बाई ओट्यावर उभ्या राहून म्हणाल्या, “या गावात सुकट कोण खातं? कोणी न्हाय. मटण? कोणी न्हाय. पोपटी कोण लावतं? कोणी न्हाय. मग काल शेतात धूर कशाचा होता?”

मागून कोणीतरी म्हणालं, “पाहुण्यांचा.”

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. तक्ते परत दिले.

खिडकीतून मला त्यांचं काम दिसायचं. डबीतलं थोडं खारट पाण्यात कालवायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, मग इतक्या बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळायचं की जिवाणू वर अडकतात आणि विषाणू तेवढे खाली उतरतात. ते पाणी प्रत्येकी दोन नळ्यांत भरून शीतपेटीत, एक मुंबईसाठी, एक इथे ठेवायला. नळ्या मुंबईला गेल्या की तिथे त्या विषाणूंची जनुकीय अक्षरं वाचायची, तुकडे संगणकावर जुळवायचे, आणि आधी नोंद असलेल्यांशी ताडून बघायचे. बहुतेक कशाशीच जुळत नाहीत, असं त्यांनी सांगितलं.

“बहुतेक म्हणजे किती टक्के?” मी विचारलं. मी कारखान्याच्या हिशेब खात्यात आहे, ‘बहुतेक’वर माझं भागत नाही.

“घरमालक, ज्यांना नाव नाही त्यांची टक्केवारी तुम्ही काढा आणि मला सांगा.” खिडकी बंद झाली.

मांडव्याचा किस्साही सांगतो. कामासाठी मुंबईला निघालो होतो, धक्क्यावर बाई बर्फाची पेटी घेऊन उभ्या. बोटीवरचा माणूस म्हणाला, “मॅडम, मासे असतील तर खाली ठेवा, वरती वास येतो.” बाई म्हणाल्या, “मासे नाहीत, शी आहे.” त्याला वाटलं शिवी दिली. त्याने आवाज चढवला, यांनी झाकण उघडून नळ्या दाखवल्या आणि कोणत्या नळीत काय ते समजावून सांगितलं. गेटवेपर्यंत त्यांच्या बाकावर कोणी बसलं नाही. मी पण नाही. त्या पेटीवर हात ठेवून सबंध प्रवास झोपल्या.

एप्रिलच्या सुरुवातीला त्या मुंबईहून परतल्या आणि थेट मधुदादांच्या घरी गेल्या. दार लावून बोलणं झालं, आणि बाईंनी ते बाहेर कुठेही काढलं नसतं, तसा त्यांचा नियमच होता. बाहेर काढलं ते दादांनी. दादा रस्त्यावर आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

“आमच्या घरच्या चारी डब्या एकाच माणसाच्या हायत, म्हणते ही बाई. आम्ही खोटं बोललो म्हणते. अगो, आम्ही एका चुलीवरचं खातो, एका ताटात जेवतो. एकसारखं निघालं तर नवल काय?”

बाई दारात उभ्या होत्या. “एका घरातले थोडे सारखे असतात,” त्या म्हणाल्या. “जुळ्या भावंडांचेसुद्धा पुष्कळ वेगळे निघतात. असे तंतोतंत चार माणसांचे निघत न्हायत.”

“मग तूच गोंधळ केलास. नळ्या सरमिसळ केल्यास नि आता आमच्यावर ढकलतेस.”

बाई पायरी उतरून घराकडे चालू लागल्या, आणि रस्त्यावरच्या लोकांनी त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

संध्याकाळी त्या मागच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांना नुसतं बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी मोटर बंद करायला गेलो होतो. विचारलं, चार डब्यांचं एवढं काय? टाकून द्या चार.

“दोनच शक्यता आहेत,” त्या म्हणाल्या. “एक, घरात कोणीतरी एकाने चारही भरल्या. मग चार बाद. दुसरी, या खोलीत माझ्या हातून एकच डबी चार नळ्यांत गेली. मग सगळंच बाद. एकदा चुकलेला हात आणखी कुठे चुकला, ते कोण सांगणार? मुंबईने विचारलंय. महिनाअखेरपर्यंत सांगायचं.”

“पुन्हा डब्या घ्या त्यांच्याकडून.”

“नवी डबी आज पोटात काय आहे ते सांगेल. जानेवारीत कोणी भरली ते डबी सांगत नाही.”

“म्हणजे माणसानेच सांगायला हवं,” मी म्हणालो. थोडं समाधान वाटलं, खोटं कशाला बोला. “म्हणजे तुम्हाला आता मत हवंय.”

“मत नको. साक्ष,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

साक्ष कोण देणार? दादांच्या शब्दाबाहेर आळीत कोणी जात नव्हतं. दुसऱ्या फेरीच्या डब्या रिकाम्याच परत आल्या, एकीत तर कोणी वाळू भरली होती. ‘आमचं आम्हाला परत द्या’ म्हणत चारपाच जण शीतपेटी बघायला आले, आणि उंबऱ्यावर ब्लीच मारून घेऊन गेले. आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर कोळशाने ‘शी ऑफिस’ लिहिलं गेलं. ते मी दोनदा पुसलं.

मग दादा कराराची प्रत घेऊन आले. सहाव्या कलमावर बोट ठेवून म्हणाले, “पोटभाडेकरू ठेवलेत हिनं, तिच्याच तोंडून कबूल हाय. साक्षीदार मी. काढ हिला.”

सहावं कलम तिथे लागू होत नाही, हे मी त्यांना सांगितलं. पण अकरावं होतं: दोघांपैकी कोणीही एका महिन्याची लेखी सूचना द्यावी. ती मी दिली. कारण लिहिलं, शेजाऱ्यांच्या तक्रारी. मला त्यात चूक वाटली नाही, आजही वाटत नाही. मला त्या आळीत जन्म काढायचा आहे. बाईंनी सूचना वाचली, शुद्धलेखनाची एक चूक दाखवली आणि सही केली.

महिनाअखेर उलटली. मे महिन्यात एका सकाळी मी शेवटच्या बिलासाठी मीटरचा आकडा घ्यायला मागे गेलो. बाई मोरीपाशी उकिडव्या बसून एकेक नळी उघडून ब्लीचच्या बादलीत ओतत होत्या. पहिला कप्पा रिकामा झाला होता. कुंपणापलीकडे सुलभावहिनी पाण्याची कळशी घेऊन उभ्या होत्या. वहिनी आणि बाई यांचंही काही सूत नव्हतं. झाकणाला आतून बोट लावलं म्हणून बाईंनी त्यांना जानेवारीत चारचौघींत झापलं होतं.

“काय ओतताय, बाई?”

“तुमचं गाव.”

“सगळ्यांचं?”

“सगळ्यांचं. मुंबईने बाद केलं.”

“आमच्या चार डब्यांपायी?”

“तुमच्या डब्यांपायी की माझ्या चुकीपायी, तेच ठरत नाही.”

वहिनींनी कळशी खाली ठेवली.

“एका ताटात जेवतो म्हणाले ना हे, त्या दिवशी. रस्त्यावर.”

“म्हणाले.”

“कधी जेवलो ते मला आठवत न्हाय. तिघं उठले का मग मी बसते.”

बाईंचा हात थांबला. पण आवाज तोच, झापतानाचा. “सुलभाताई, मला मत नको. काय केलंत ते सांगा.”

“तेच सांगतेय ना. बापलेकांना लाज वाटली. कोण त्या डबीवर बसणार? हे बोलले, तूच दे चारी. शी ती शी, त्यात काय आपली नि परकी.”

“चारही तुम्ही?”

“चारी.”

“एकाच सकाळी?”

“एकाच.”

“हे तुम्ही माझी दया येऊन सांगताय का? तसं असेल तर नको.”

“तुमची कसली दया?” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही मला चार बायकांत बोललात ते इसरले न्हाय मी.”

बाई उठल्या, चपला बदलल्या, आत जाऊन वजनांचा कागद घेऊन आल्या, पुन्हा चपला बदलल्या. “चारही डब्या पूर्ण भरल्या होत्या का?”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मीटरकडे पाहिलं.

“धाकट्याची निम्मीच. पुरलं न्हाय,” वहिनी म्हणाल्या. “एका माणसाला किती होणार?”

मी मीटरचा आकडा पुन्हा पहिल्यापासून वाचला. बाईंनी कागदावरची वजनं ताडून पाहिली, नळीचं झाकण घट्ट फिरवलं आणि नळी पेटीत परत ठेवली. गेला तो कप्पा गेला, उरलेले राहिले.

“हे लिहून घेतलं तर चालेल?”

“यांना दाखवणार?”

“कोणालाच न्हाय. तिथे तुमचं नाव नसतं, नंबर असतो.”

“मग लिहा,” वहिनी कळशी उचलत म्हणाल्या. “नंबरला नवरा नसतो.”

इथे लिहिण्याआधी मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, “लिहा. हे पेपरसुद्धा वाचत न्हायत.”

मुंबईने ते मानलं. त्या निम्म्या डबीचं वजन जानेवारीतच नोंदलेलं होतं, आणि ते बाहेर कोणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मी सूचना मागे घेतली नाही, बाईंनी तसं विचारलंही नाही. ठरल्या दिवशी टेम्पो आला. शीतपेटी चढली. बाई ड्रायव्हरशेजारी बसल्या, मांडीवर बर्फाची पेटी, पायाशी पिशवीत त्या रबरी चपला. नलिनी बाहेर आली नाही. आळीतलं कोणीच आलं नाही. दादा आपल्या ओट्यावर पाठ करून बसले होते.

“घरमालक, अनामत.”

मी हिशेब सांगितला. वीस हजारांतून शेवटचं बिल तीन हजार दोनशे वजा, राहिले सोळा हजार आठशे.

“त्यातले दोन हजार सुलभाताईंना द्या. त्यांच्या हातात. चार डब्यांचे.”

“त्या चार डब्यांचे दादांनी घेतलेत. पावती आहे.”

“दादांनी एकही डबी दिलेली नाही. डबी ज्याची, पैसे त्याचे. संस्था दोनदा देत नाही, म्हणून माझे.”

“म्हणजे साक्षीचे देताय.”

“साक्षीचे पैसे देता येत नाहीत. दिले तर ती साक्ष राहत नाही.” त्यांनी मनगट उलटं करून घड्याळ बघितलं. “त्या चार डब्या आम्ही चार वेगळ्या दिवशी तपासल्या होत्या. एकच माल, चार वेळा, आणि उत्तर एकच. आमची पद्धत बरोबर चालते याचा तेवढा चांगला पुरावा मला मागून मिळाला नसता. हे त्यांना सांगू नका, उगाच चढतील.” मग ड्रायव्हरला म्हणाल्या, “चल.”

टेम्पो रेवदंड्याच्या वाटेला वळला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. बटणावरची ‘बंद करू नये’ची चिठ्ठी काढायची राहिली होती, ती मी काढली. चिकटपणा अजून आहे.

दोन दिवसांनी दादा अलिबागला गेलेले पाहून मी वहिनींकडे गेलो. त्या वाडीत पडलेल्या सुपाऱ्या वेचत होत्या. मी नोटा दिल्या आणि चार डब्यांचे म्हणून सांगितलं. दुसरं काही सांगितलं नाही. त्यांनी मोजल्या, आणि अडीचशे रुपये वेगळे करून माझ्यापुढे धरले.

“धाकट्याची निम्मीच होती.”

माझ्या हिशेबाने ते बरोबर होतं. मी तिथूनच बाईंना फोन लावला आणि विचारलं.

“अर्धी डबी असं काही नसतं, घरमालक,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तेव्हा शेवटचा हिशेब असा. चौदा हजार आठशे रुपये डॉ. रंजना ठाकूर यांच्या खात्यात. दोन हजार रुपये, रोख, पूर्ण, सुलभावहिनींना, त्यांच्या हातात.